सहकर्जदार म्हणून सही करण्याआधी

मडकई,
गुरुवार, रात्री

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

त्या पिवळ्या, दोन दारांच्या कूपेच्या कर्जासाठी सहकर्जदार म्हणून तू माझी सही मागितलीस. मी ती करणार नाही. पण का नाही, ते तुला नीट कळायला हवं. नाहीतर आईला गाड्यांतलं काय कळतं, एवढ्यावरच तू थांबशील आणि ते मला चालणार नाही. समोर बसून बोलायला गेलं की बाबा मध्ये पडतात, आजी विषय बदलते आणि तू गप्प होतेस. म्हणून लिहितेय. सावकाश वाच.

गाडी सुंदर आहे, हे मी मान्य करते. पर्वरीला तू ती दाखवायला नेलंस, तेव्हा बॉनेट उघडून टर्बो कुठे बसवलाय, इंटरकूलरकडे हवा कशी जाते, हे तू मला समजावत होतीस. मी गाडीपेक्षा तुझ्याकडेच जास्त बघत होते. मुलीला असली गाडी कशाला हवी, असं म्हणणारी माणसं आपल्या घरात आहेत, मी त्यांच्यातली नाही. वेगाची हौस असण्यात काही वाईट नाही. तुला ती दहावीपासून आहे आणि ती जाणार नाही, जाऊही नये.

आता आकडे बघ. मी रोज वाहनकर्जाच्याच टेबलावर बसते, तेव्हा हे मला पाठ आहे. गाडी अठरा लाखांची. तीन लाख रोख घातलेस तर पंधरा लाख कर्ज. जुन्या गाडीला पाच वर्षांहून जास्त मुदत सहसा मिळत नाही, आणि व्याजही नव्या गाडीपेक्षा चढं लागतं. १२ टक्के धरले तर महिन्याचा हप्ता ३३,३६७ रुपये. पाच वर्षांत पंधराचे वीस लाख फेडशील. तुझ्या हातात येतात ४८ हजार. हप्ता गेला की उरतात साडेचौदा, आणि त्यातच पेट्रोल, विमा, सर्व्हिस, तुझा मोबाइल आणि तुझं जेवणखाण. बँक सहकर्जदार मागते ती उगाच नाही.

विम्याचं तुला कोणी सांगितलं नसेल. इंजिन १५०० सीसीच्या वर गेलं की थर्ड पार्टीचा वर्षाचा हप्ता, २०२२ साली ठरलेल्या दरांनी, ७,८९७ रुपये. १००० ते १५०० सीसीला तोच ३,४१६. तो फरक सोसता येईल. पण गाडी नऊ वर्षांची आहे. झिरो डेप्रिसिएशन (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्शन ही कव्हरं एवढ्या जुन्या गाडीला बहुतेक कंपन्या देत नाहीत. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तू परत चावी फिरवलीस आणि पाणी सिलिंडरमध्ये गेलं, तर कनेक्टिंग रॉड वाकतो हे तूच मला शिकवलंयस. साध्या पॉलिसीत ते भरून मिळत नाही. शिवाय गाडी दिल्ली पासिंगची. बारा महिन्यांच्या वर इथे ठेवायची तर तिकडची एनओसी आणून गोव्यात नवं रजिस्ट्रेशन करावं लागेल, रोड टॅक्स इथे भरावा लागेल. तो खर्च अठरा लाखांत धरलाय का, हे डीलरला विचारलंस का?

हे सगळं झालं तरी मी कदाचित सही केली असती. मुलगी कमावती झाली, पाच वर्षं ओढाताण करील, शिकेल, असं म्हणून. मला अडवतंय ते दुसरंच.

२०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा तू तिसरी-चौथीत होतीस. मी डिचोलीच्या शाखेत होते. त्या भागात एकेका घरात खनिज वाहणारे दोन-दोन टिपर ट्रक होते, बहुतेक कर्जावर घेतलेले. खाणीवरून माल भरायचा, नदीवर बार्जपर्यंत न्यायचा, दिवसाच्या खेपा मोजायच्या आणि महिनाअखेरीला हप्ता भरायचा. चांगलं चाललं होतं. मग खाण थांबली आणि ट्रक जिथल्या तिथे राहिले. अंगणात, रस्त्याच्या कडेला, देवळाच्या मैदानात. मी वसुलीच्या कामाला त्या वाड्यांवर जायची. पावसाळ्यात ट्रकच्या हौद्यात तांबडं पाणी साचलेलं, टायरांतली हवा गेलेली, चाकांभोवती गवत गुडघाभर वाढलेलं. एका घरात माझ्यासाठी खुर्ची आणली, पाणी दिलं, आणि माणूस समोर उभाच राहिला. बसायला तयार नाही. हप्ता थकलेल्या माणसाला स्वतःच्या घरात बसवत नाही, हे मी तिथे पाहिलं.

ती माणसं उधळी नव्हती, बाय. धंद्यासाठीच कर्ज काढलं होतं, हिशेब बरोबर मांडला होता. फक्त सगळे हप्ते एकाच कामावर उभे होते. सरकारला कर्जमदतीची योजना आणावी लागली. पुढे थोडं काम सुरू झालं आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडलं. ज्यांच्यावर कर्ज नव्हतं ते दुसऱ्या कामाला लागले. कोणी वर्कशॉप काढलं, कोणी शेतीकडे वळलं, कोणी टॅक्सी चालवायला किनाऱ्यावर गेलं. कर्जवाल्याला ट्रक सोडून कुठे जाताच येईना.

तुझी नोकरी जाईल असं मी म्हणत नाहीये. ती टिकेल. मला भीती आहे ती तुला ती सोडता न येण्याची.

वेर्ण्याच्या कारखान्यात तू गोळ्या पॅक करणाऱ्या मशिनांची देखभाल करतेस. काम प्रामाणिक आहे, माणसं बरी आहेत, घरून जाता येतं. पण कॉलेजची चार वर्षं तू ज्यासाठी जागलीस ते हे नव्हे. टीमबरोबर तुम्ही फॉर्म्युला भारतला, विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसगाड्यांच्या स्पर्धेला, कोईमतूरला गेलात, त्याआधी महिनाभर तू रात्री बारा-बाराला घरी यायचीस. नखांत ग्रीस, हाताला भाजल्याचे डाग आणि जेवताना सस्पेन्शनच्या गोष्टी. घरात त्यातलं कोणाला काही कळत नव्हतं, तरी आजीसुद्धा ऐकत बसायची. ती मुलगी गाड्या बनवायला निघाली होती. गाड्या बनतात चाकणला, चेन्नईला. गाड्यांची तपासणी आणि संशोधन चालतं पुण्याला एआरएआयमध्ये. उद्या तिथून एखादं बोलावणं आलं आणि पगार सुरुवातीला ३५ हजार म्हणाले, तर तू काय करशील? पुण्यात खोलीचं भाडं, खानावळ आणि ३३,३६७ रुपयांचा हप्ता. तू नाही म्हणशील. एकदा म्हणशील, वर्षभराने पुन्हा म्हणशील, आणि मग बोलावणी यायची थांबतील. माझ्या टेबलासमोर अशी मुलं बसतात. हुशार, पंचविशीतली. मुदत वाढवून मिळेल का, हप्ता कमी होईल का, असं विचारतात आणि बोलता बोलता सांगून जातात की अमुक ठिकाणी संधी होती, पण गाडीचे हप्ते चालू होते.

वेगवान गाडीच्या हप्त्यापायी वेगवान गाड्या बनवायची संधी तू सोडावीस, याला मी हातभार लावू शकत नाही. सही न करण्याचं माझं खरं कारण एवढंच आहे.

रोजच्या वापराचं थोडक्यात सांगते, कारण ते तुलाही ठाऊक आहे. कुठ्ठाळीची फेरीबोट धरायची तर ओहोटीला धक्क्यावर रॅम्प किती कलता लागतो, ते तू रोज बघतेस. स्कूटर चढवतानाही दोन्ही पाय टेकतेस. त्या कूपेचं पोट जमिनीपासून जेमतेम १३० मिलिमीटर आहे. पुढचा बंपर पहिल्याच आठवड्यात लोखंडावर घासेल, आणि मागे उभे असलेले लोक हॉर्न वाजवत राहतील. बोरीच्या पुलावरून वळसा घालून जायचं म्हटलं तर रोजचं अंतर आणि पेट्रोल वाढतं. चपट्या टायरांना पावसाळ्यातले खड्डे सोसत नाहीत. साइडवॉलला फुगा आला की टायर बदलावाच लागतो, आणि त्या मापाचा एक टायर पंधरा हजारांच्या पुढे जातो. आजीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, तपासणीला न्यायचं तर दोन दारांच्या गाडीत मागे ती चढणार कशी? आणि चवथीला गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीसाठी फोंड्याच्या बाजारातून केळीचा घड, नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन हे सगळं बाबांनी स्कूटरवरूनच आणायचं का?

मग घ्यायचं काय? माझं म्हणणं, नवी स्विफ्ट घे, पाच गिअरवाली मॅन्युअल. ऑटोमॅटिक नको, तुला तरी नको. मी स्वतः चालवून पाहिली. सगळी मिळून हजार किलोच्या आतली गाडी आहे. वळणावर ती कशी वळते ते बघ आणि मग मला सांग की छोट्या गाडीत मजा नसते. मोले ओलांडून अनमोड घाट चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण वापरता येतं. त्या कूपेत तेवढ्यात वेग इतका झालेला असेल की पाय काढावाच लागेल. आपल्या रस्त्यांवर तिची निम्मी ताकद तुला कधी वापरता येणार नाही आणि वापरलीस तर मला रात्री झोप येणार नाही. स्विफ्टमध्ये सहा एअरबॅग आणि ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) सगळ्या व्हेरिएंटमध्ये आहेत, पोट १६३ मिलिमीटर वर आहे. तुला टाटा पंच आवडली तर तीही घे, तिचं पोट आणखी वर आहे, फेरीबोटीला अजून बरी. पण चालवायची गोडी असलेल्या माणसाला स्विफ्ट जास्त आवडेल, असा माझा अंदाज.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे किमती उतरल्यात. दीड लाख रोख घाल, सहा लाख कर्ज काढ. ९ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता १२,४५५ रुपये. पुण्यात ३५ हजार मिळाले तरी हा भरता येतो. अगदीच अडलं तर अशा गाडीला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागत नाही, कर्ज फेडून मोकळी होशील. या कर्जाला तुला माझी सहीसुद्धा लागणार नाही, आणि मला तेच हवंय.

दोन हप्त्यांत जवळजवळ २१ हजारांचा फरक आहे. त्यातले पंधरा हजार दर महिन्याला आरडीत टाक. तीन वर्षांत मुद्दलच पाच लाख चाळीस हजार होतं. त्याला हात लावायचा तर एकाच गोष्टीसाठी लाव. कोईमतूरला कारी मोटर स्पीडवेवर नवशिक्यांना रेसिंग शिकवतात, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवरही शिकवतात. तुझ्या टीमची गाडी तू कारीला पळताना पाहिलीस, यंदा स्वतः हेल्मेट घालून पळव. समोरून गुरं येत नाहीत, कडेला शाळेची मुलं नसतात आणि ब्रेक कुठे मारायचा ते सांगायला जाणता माणूस असतो. यंदाचे पैसे मी देते. हे वाढदिवसाचं समज किंवा काहीही समज, पण देते. बाबांशी माझं बोलणं झालंय.

आणि तीन-चार वर्षांनी तुझ्या एकटीच्या पगारावर, तुझ्या एकटीच्या सहीने तशी गाडी घेता आली, तर जरूर घे. तेव्हा मी एक शब्द बोलणार नाही, उलट पहिली चक्कर मला मारून आण. पण गाडी घेशील तेव्हा ती जुनी असली तरी सर्व्हिसची सगळी नोंद असलेली घे. या कूपेची दोन वर्षांची सर्व्हिस हिस्टरी डीलरने दाखवली नाही, हे मी त्याच दिवशी पाहिलं होतं. तू तेव्हा एग्झॉस्टचा आवाज ऐकत होतीस.

शनिवारी बाबांना सुट्टी आहे. सकाळी दहाला फोंड्याच्या शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्ह ठरवलीय, चालवायची तू. लायसन्स बरोबर ठेव, आणि गाडी सपाट रस्त्यावर न नेता फर्मागुडीच्या चढावर ने, म्हणजे खरं कळेल. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट माझ्या टेबलावर ठेव, मी कागद तयार करते. पर्वरीच्या माणसाला विसार दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील तर पावती मला दे, सोमवारी संध्याकाळी आपण दोघी जाऊन परत मागू.

तुझी,
आई