चि. ओंकारला, मंगळवारच्या तारखेआधी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तू शेजारच्या खोलीत घोरतो आहेस आणि मी पत्र लिहीत बसले आहे, याचं तुला हसू येईल. पण शनिवारी पोलिसांनी तुला पिऊन गाडी चालवताना पकडलं आणि मंगळवारची कोर्टाची तारीख पडली, तेव्हापासून आपण बोलायला बसलो की दुसऱ्याच वाक्याला आवाज चढतो. बाबांनी तर बोलणंच टाकलंय. म्हणून हे डब्याच्या पिशवीत ठेवते, सुपर कॉरिडॉरच्या ऑफिसला पोहोचलास की वाच.

आधी तुझ्या ‘एकाच बिअर’चं बघू. स्ट्राँगची ६५० मिलीची बाटली, त्यात ८ टक्के, म्हणजे ५२ मिली अल्कोहोल. वजनात ते भरतं ४१ ग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात ते पसरलं की १०० मिली रक्तात ८५ मिलिग्रॅमच्या आसपास जातं आणि मग तासाला साधारण पंधराने उतरतं. विजयनगर चौराह्यावर पोलिसांच्या फुंकायच्या यंत्राने ७१ दाखवले. म्हणजे तू खोटं बोलला नाहीस, आणि यंत्रही नाही. कायद्याची मर्यादा ३० आहे, तीस मिलीच्या दीड पेगातच ती गाठली जाते.

आता तुझा तो मित्र, जो सांगतो की ‘फुंकायलाच नको होतं, आपला हक्क आहे’. त्याला कायद्याचं अर्धंच पान वाचता येतं. गणवेशातल्या पोलिसाला संशयाला जागा असेल तर तो फुंकायला सांगू शकतो. सबळ कारण नसताना नकार दिलास तर अटक होऊ शकते, आणि पुढे कोर्टात तो नकारच तुझ्याविरुद्ध धरला जाऊ शकतो. ‘किती प्यायलास, कोणाबरोबर’ याची उत्तरं न देण्याचा हक्क मात्र आहे. राज्यघटनेने दिलाय, कलम २०. नाव, लायसन्स, गाडीचे कागद द्यायचे, बाकी गप्प बसायचं. तू उलट केलंस. कागद द्यायला हुज्जत घातलीस आणि बर्थडेची सगळी कथा सांगितलीस.

रक्ताच्या तपासणीबद्दल मला विचार, मित्राला नको. बावीस वर्षं लॅबमध्ये काढली मी, त्यातल्या कितीतरी रात्री पोलिसांनी आणलेल्या माणसांचं रक्त घेण्यात गेल्या. कातडी स्पिरिटने पुसायची नाही, नाहीतर पुढे वकील म्हणणार, अल्कोहोल बोळ्यातलंच होतं. नळी करड्या टोपणाची, आत फ्लोराइड, म्हणजे रक्त नळीत आंबत नाही. वर सील, सही आणि घड्याळातली वेळ. वेळ सगळ्यात महत्त्वाची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली, म्हणजे पिऊन गाडी चालवल्याबद्दल, अटक झाली तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायलाच हवी, नाहीतर माणसाला कोठडीतून सोडावं लागतं. तुला अटक झाली नव्हती म्हणून हे लागू पडलं नाही, पण माहीत असू दे. आणि बाईचं रक्त घ्यायचं असेल तर डॉक्टर बाई हवी, नाहीतर निदान दुसरी बाई समोर हवी. तुझ्या मैत्रिणींनाही सांग, त्याही गाड्या चालवतात.

त्या रात्रींत मी काय काय पाहिलं! कोणी मूठभर बडीशेप चावत यायचा, कोणी लिंबू, कोणी काळी कॉफी पिऊन. लिंबाने तोंडाचा वास जातो, रक्तातलं काही जात नाही. ते यकृत आपल्या चालीने उतरवतं, कितीही घाई केली तरी. एकदा एका पोराचा मोठा भाऊ माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला, ‘ताई, नळी बदला ना, कोणाला कळणार आहे’. त्याच ट्रेमध्ये त्या पोराच्या गाडीखाली आलेल्या माणसाची नळी होती, रक्तगटासाठी. मी त्याला ती दाखवली नाही. दाखवायला हवी होती का, अजून ठरत नाही.

असो. त्या रात्री ठाण्याबाहेर बाबांना जो माणूस भेटला, ‘दो हजार दे दो, यहीं निपटा देंगे’ म्हणणारा, त्याबद्दल. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिल्या गुन्ह्याला फार तर २,००० दंड होता, म्हणून तो आकडा त्याच्या तोंडात बसलाय. आता पहिल्या वेळी १०,००० दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलास तर १५,००० दंड, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि हा गुन्हा जागेवर चलान फाडून मिटणाऱ्यांतला नाही, कोर्टातच जावं लागतं. पोलिसाला रोकड देऊन ‘मिटलं’ म्हणणं म्हणजे लाच, दुसरा गुन्हा. बाबा पैसे न देता परत आले. त्यांनी तुला हे सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.

गुन्हा जामीनपात्र आहे. अटक झाली तर कारण सांगावं लागतं, घरच्याला कळवावं लागतं, तुझ्या पसंतीचा वकील घेता येतो आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं. लायसन्स जप्त केलं की पावती मागायची. ती तुझ्याकडे आहे, घडी घालून पाकिटात कोंबलेली, मी पाहिली. लायसन्स निलंबित करण्याआधी तुझं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. यंत्र बरोबर चालतं का, शेवटचं कधी तपासलं होतं, हे वकील कोर्टात विचारू शकतो, विचारावंही. फक्त माझा हिशेबही ७१ च्या आसपासच येतो, हे वकिलाला आधीच सांग. कबूल करायचं की नाही हे तू आणि तो ठरवा, मी मध्ये पडणार नाही. दंड मात्र तुझ्या पगारातून.

विम्याचंही एक. पिऊन ठोकली असतीस तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनीने फेटाळला असता. बाबांनी चार वर्षं हप्ते भरलेत त्या गाडीचे.

रामबागेतले वकीलकाका सोमवारी संध्याकाळी सातला भेटतील, मी बोलले आहे. त्यांच्यासमोर ‘एकच’ म्हणू नकोस, ‘साडेसहाशे मिली, स्ट्राँग’ असं सांग. मंगळवारी बाबा येणार नाहीत, मी येते. गाडीची किल्ली माझ्याकडे आहे, शोधू नकोस. तोवर सिटी बसने जा. डब्यात आज मेथीचे पराठे आहेत, लोणचं वेगळं ठेवलंय.

तुझी,
आई