मूळ प्रेषकाच्या शोधात सर्वांची गोपनीयता

महोदय,

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ नुसार, वापरकर्त्यांच्या मजकुरासाठी मध्यस्थ कंपन्यांना, म्हणजे समाजमाध्यमे, संदेशसेवा अशांना, कायदेशीर जबाबदारीपासून अटींवर संरक्षण मिळते. याच कायद्याखालील २०२१ च्या नियमांपैकी नियम ४(२) ने मात्र ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या संदेशसेवांना, आदेश आल्यास संदेशाचा मूळ प्रेषक ओळखून देण्याची सक्ती केली असून ती न पाळल्यास हे संरक्षणच जाते.

धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात २०१८ मध्ये मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून पाच निरपराधांचा बळी गेला. अशा अफवा पसरवणाऱ्यांना शोधलेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु उद्या कोणत्या संदेशाची चौकशी होईल हे आधी कळत नसल्याने, डॉक्टरांना पाठवलेल्या तपासणी अहवालापासून वकिलाशी झालेल्या सल्लामसलतीपर्यंत प्रत्येक संदेशाची खूण जपावी लागेल. शिवाय मजकूर नव्याने टंकून पाठवला की माग तुटतो आणि दुसऱ्याच कुणावर ठपका येऊ शकतो. माझ्या मते हा धोका सर्वांत गंभीर आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितले आहे. केंद्राने हा नियम मागे घ्यावा आणि कलम ७९ चे संरक्षण त्यापासून वेगळे करावे.

– एक वाचक, पुणे