चप्पल सुटली, ते कळलं का?

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, दुपार

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

न्यूरोअ‍ॅनॅटॉमी वाचायला बसलं की ट्रॅक्टची, म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या-येणाऱ्या वाटांची, नावं एकमेकांत घुसतात, असं परवा फोनवर म्हणालास. घुसणारच. पुस्तक मेंदूपासून खाली उतरतं आणि पेशंट पायापासून वर चढतो. ओपीडीत कुणी ‘माझा डॉर्सल कॉलम बिघडलाय’ असं सांगत येत नाही. ‘डॉक्टर, चालताना चप्पल पायातनं सुटते’ असं म्हणतो. त्याला लगेच विचारायचं: सुटली ते कळतं का, की चार पावलं पुढं गेल्यावर, कुणी हाक मारल्यावर कळतं?

कळतं पण धरता येत नाही, तर बिघाड वरून स्नायूकडे येणाऱ्या वाटेवर. कळतच नाही, तर पायाकडून वर जाणाऱ्या वाटेवर. या दोन वाटा नीट चालून घे, मग बाकीचे ट्रॅक्ट आपोआप जागेवर बसतील.

आपल्या कोल्हापुरीला मागं टाचेचा पट्टा नसतो. पाऊल उचललं की नडगीपुढचा टिबिअ‍ॅलिस अँटिरिअर पाऊल वर ओढतो आणि एक्स्टेन्सर हॅल्युसिस लाँगस पायाचा अंगठा वर धरतो, तेवढ्यावर चप्पल लोंबकळत पुढं येते. दोन्ही स्नायू डीप पेरोनिअल नर्व्हचे, मज्जारज्जूतून निघणारी मुळं मुख्यतः एल-4 आणि एल-5, म्हणजे कमरेची चौथी आणि पाचवी. गंमत अशी की कातडीपैकी या नर्व्हच्या वाट्याला जेमतेम एक बेचकं येतं: अंगठा आणि शेजारच्या बोटामधलं. चप्पलेचा अंगठा घासतो, नेमकं तेच. त्यामुळे फूट ड्रॉप, म्हणजे वर न उचलणारं लोंबतं पाऊल, दिसला की आधी त्या बेचक्यात कापसाचं टोक लाव.

आता वर चल. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचं बोंड लागतं, ते फिब्युलाचं डोकं. त्याच्या लगेच खाली बोट आडवं फिरवलंस तर दोरीसारखं काही बोटाखालून सरकेल. ती कॉमन पेरोनिअल, डीप पेरोनिअल हिचीच फांदी. वर कातडी, खाली हाड, मध्ये गादी म्हणून काही नाही. प्लास्टरची वरची कड घट्ट झाली, कुणी तासन्‌तास पायावर पाय टाकून बसलं, किंवा भांगलणीला नाहीतर शेंगा तोडायला दिवसभर उकिडवं बसलं, की ती तिथंच चेपते. सकाळी पाऊल लुळं. घरचे म्हणतात ‘शीर दबली’. आपल्याकडे रक्तवाहिनीही शीर आणि नर्व्हही शीर, त्यामुळे सगळा गोंधळ एका शब्दात भरलेला असतो. इथं रक्ताची शीर नव्हे, नर्व्ह दबलेली असते. आणि ती दोरी जाड, टणक लागली, तर कातडीवर बधिर चट्टे शोध. कुष्ठरोगाचे जंतू थंड, उथळ नर्व्ह पसंत करतात आणि ही त्यातलीच एक.

दाबानं आधी मायेलिन जातं, आतला अ‍ॅक्झॉन (पेशीची लांब तार) शाबूत राहतो. मायेलिन म्हणजे श्वान (Schwann) पेशीनं स्वतःला गुंडाळून केलेलं वेष्टन. दर एक-दोन मिलिमीटरला त्यात फट असते, आणि सोडियमची दारं त्या फटीतच दाटीनं असतात. आत उणे 70 मिलिव्होल्ट, उणे 55 च्या आसपास आलं की दारं उघडतात, आतली बाजू अधिक 30 च्या पुढं उसळते, आणि तो झटका पुढच्या फटीवर उडी मारतो. मधलं वेष्टन विरलं की झटका वाटेतच गळतो आणि उडी पोचत नाही. वायर तुटलेली नसते, म्हणून असा पाय काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत सुधारतो. अ‍ॅक्झॉनच तुटला तर त्याखालचा सगळा भाग कुजून जातो आणि वरून नवा कोंब दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. हिशोब कर. चुकीच्या जागी सुई देऊन कुल्ल्यात सायॅटिक दुखावली, तर नडगीच्या स्नायूपर्यंत 40-50 सेंटिमीटर. म्हणजे वर्ष उलटून जातं, आणि तेवढ्या काळात स्नायू आखडून निकामी व्हायला लागलेला असतो. म्हणून कुल्ल्याचं इंजेक्शन वरच्या-बाहेरच्या पाव भागातच द्यायचं.

फूट ड्रॉप बघून थेट ‘मणक्याची नस’ लिहून मोकळे होणारे खूप आहेत, त्यांचं अनुकरण करू नकोस. एल-5 चं मूळ आणि पेरोनिअल यांतला फरक ओळखायला अर्धा मिनिट लागतो. पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांग. ते काम टिबिअ‍ॅलिस पोस्टिरिअरचं. मूळ एल-5 चंच, पण नर्व्ह टिबिअल. तिथंही जोर नाही, तर बिघाड मुळाशी. जोर पक्का आहे, तर फिब्युलाच्या मानेशी. आणि पाऊल लुळं असूनही घोट्याचा रिफ्लेक्स (हातोडी मारल्यावर पावलाला बसणारा झटका) उसळत असेल तर दोन्ही सोड आणि वर मेंदूपर्यंत बघ. पायाचा इलाखा मेंदूच्या दोन अर्धांच्या फटीत, आतल्या कडेला आहे.

आता दुसरी वाट, वर जाणारी. पायाच्या अंगठ्याची स्थिती कळवणारी पेशी एकच, आणि तिचं घर कमरेच्या दोन मणक्यांमधल्या खिडकीत, डॉर्सल रूट गँगलिऑनमध्ये. तिचा एक हात अंगठ्यापर्यंत खाली, दुसरा हात मज्जारज्जूच्या मागच्या खांबातून (तोच डॉर्सल कॉलम) थेट मेडुलापर्यंत, म्हणजे मेंदूच्या देठाच्या तळापर्यंत, वर. उंच माणसात ही एकटी पेशी दीड मीटरहून लांब भरते. मेडुलातल्या ग्रॅसिलिस न्यूक्लिअसमध्ये ती निरोप दुसरीच्या हाती देते, आणि दुसरी तिथंच बाजू बदलते. दुखणं आणि ऊन-गार यांचा निरोप मात्र मज्जारज्जूत शिरल्या शिरल्या हात बदलतो, एक-दोन मणक्यांच्या आत पलीकडे जातो आणि स्पायनोथॅलॅमिक ट्रॅक्टमधून चढतो. मज्जारज्जू अर्धाच कापला गेला तर त्याच बाजूला जोर आणि स्थितीची जाण जाते, दुखणं मात्र पलीकडच्या बाजूचं जातं. यालाच ब्राऊन-सेकार म्हणतात, ते पाठ करू नकोस. कोण कुठं बाजू बदलतो एवढं कागदावर काढ.

वेगही वेगळे. उंबऱ्याला ठेच लागते तेव्हा आधी टोचतं आणि क्षणभरानं तो जळजळणारा, पसरणारा ठणका येतो. पातळ मायेलिनचे ए-डेल्टा फायबर (नर्व्हमधले धागे) सेकंदाला 20 मीटरच्या घरात धावतात आणि उघडे सी फायबर 1 मीटरच्या आसपास. अंगठ्यापासून मज्जारज्जूपर्यंत मीटरभर अंतर. पहिल्याला सेकंदाचा विसावा भाग, दुसऱ्याला पुरा सेकंद. ‘आई गं’ निघून जातं, ठणका मागून पोचतो.

इतक्या लांब पेशीचं सगळं खाणं-पिणं गँगलिऑनमधल्या घरातून टोकापर्यंत वाहून न्यावं लागतं. त्यामुळे मधुमेहात आधी टोक सुकतं. सुरुवात पायाच्या बोटांपासून, दोन्हीकडे सारखी. बधिरपणा गुडघ्याच्या जवळ आला की हाताच्या बोटांना मुंग्या सुरू होतात, कारण तेवढ्या लांबीचे फायबर हातात तिथंच संपतात. पेशंट म्हणतो ‘गादीवर चालल्यासारखं वाटतं’. नवी कोल्हापुरी चावते हे आपल्याला पहिल्या दिवशी कळतं. त्याला फोड फुटून चप्पल ओली झाल्यावर कळतं. चैत्रात जोतिबाला अनवाणी जाणाऱ्या मधुमेही माणसाला तापल्या फरशीचा चटका लागतो, पण तो ‘आई गं’ म्हणत नाही आणि पायही उचलत नाही. नवस फेडू नको म्हटलं तर तो ऐकणार नाही. निदान पहाटे जा, आणि घरी आल्यावर तळवा आरशात बघ, एवढं तरी सांग.

बी-12 व्हिटॅमिन कमी पडलं तर वेगळं. तिथं मागचा खांब आणि मेंदूतून खाली येणारा कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्ट, दोन्ही बिघडतात. शिवाय बाहेरच्या नर्व्हही. म्हणून घोट्याचा रिफ्लेक्स गायब आणि तळव्यावर ओरखडा काढला की अंगठा वर, अशी विसंगत जोडी सापडते. शुद्ध शाकाहारी आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणारा पेशंट असला तर हे आधी आठव. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड देऊन रक्त सुधारतं आणि पाय आणखी बिघडतात, ही चूक अजून होते.

अशा माणसाला विचार, ‘तोंड धुताना बेसिनवर पुढं कलता का?’ पायाकडून येणारी बातमीच राहिलेली नसते, त्यामुळे डोळे मिटले की तोल जातो. रॉम्बर्ग चाचणी म्हणजे तेच. पाय जुळवून उभं कर, आधी डोळे उघडे ठेवून बघ, मग मिटायला लाव. उघड्या डोळ्यांनीच डुलत असेल तर लहान मेंदूकडे बोट जातं, आणि मग ती चाचणी रॉम्बर्ग म्हणून मोजू नकोस. हात पसरून अगदी जवळ उभा राहा. पडणारा माणूस सांगून पडत नाही.

अंगठ्याची स्थिती तपासताना सगळे एकच चूक करतात: अंगठा वर-खालून चिमटीत धरतात. मग दाबावरूनच पेशंट ‘वर’, ‘खाली’ सांगतो. दोन्ही कडांनी धर, शेजारच्या बोटाला लागू देऊ नकोस. आधी डोळे उघडे ठेवून वर म्हणजे काय, खाली म्हणजे काय ते दाखव, मग मिटायला सांग, आणि हलवणं अगदी थोडं ठेव. अंदाजानं निम्मी उत्तरं बरोबर येतातच, म्हणून सहा-सात वेळा विचार. थरथर तपासायचा ट्यूनिंग फोर्क आधी छातीच्या हाडावर लावून दाखव, नाहीतर धातूचा गारवा लागला तरी ‘जाणवतंय’ म्हणतील. मग अंगठ्याच्या हाडावर. ‘जाणवतंय का’ असं विचारू नकोस, ‘थांबलं की सांगा’ म्हण. तिथं नाही कळलं तर घोटा, मग गुडघ्याखालचा उंचवटा, मग कमरेचं हाड.

फोर्क घेताना 128 हर्ट्झचाच माग. दुकानदार 512 चा पुढं करतो, तो कानासाठी असतो. पैसे बाबा उद्या पाठवतील.

तुझी
आई