रक्त सुकतं, त्यातलं लोह मेंदूतच राहतं

संपादक महोदय,

हेल्मेटवर आपल्याकडे पत्रं भरपूर छापून येतात, मी त्याच्या पुढचं लिहितोय, माणूस टाके काढून घरी येतो त्यानंतरचं. माझा धाकटा भाऊ गाडीवरून पडला, डोक्याला मार, सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्त साकळलेलं दिसलं पण ऑपरेशन लागलं नाही, फिटच्या गोळ्या आठवडाभर देऊन बंद केल्या आणि नवव्या दिवशी घरी सोडलं, सगळे म्हणाले देवाने वाचवलं. चौदा महिन्यांनी चुलत बहिणीच्या हळदीला जेवता जेवता कोसळला. हातपाय आखडले, तोंडाला फेस. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल, मामांनी हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबला, का तर लोखंडाने फिट उतरते.

लोह तर त्याच्या डोक्यात आधीच होतं, हे एमआरआय काढल्यावर कळलं. जिथे रक्त साकळलं होतं तिथे काळा डाग. डॉक्टर म्हणाले रक्तपेशी फुटल्या की त्यातलं लोह मोकळं होतं, शरीर त्यातलं बरंचसं हेमोसिडेरिन नावाच्या लोह असलेल्या पदार्थाच्या रूपात तिथेच साठवून ठेवतं आणि ते वर्षानुवर्षं जात नाही. मोकळ्या लोहामुळे फ्री रॅडिकल्स, म्हणजे जवळच्या कशाशीही झटकन प्रतिक्रिया करणारे कण, तयार होतात, ते आजूबाजूच्या पेशींची आवरणं खराब करतात आणि मग त्या पेशी जरा कशाने भडकतात. १९७८ मध्ये अमेरिकेत डॉ. विल्मोर आणि सहकाऱ्यांनी उंदीर आणि मांजरांच्या मेंदूत लोहाचे क्षार टोचले तर त्यांच्या मेंदूत खरंच अपस्मारासारख्या लहरी सुरू झाल्या. कोबाल्ट आणि अॅल्युमिनियमची संयुगं तर त्याच्याही आधीपासून प्रयोगात फिट आणण्यासाठी वापरायचे.

गोळ्या लवकर बंद केल्या म्हणून मी आधी डॉक्टरांवर चिडलो होतो, ते माझं चुकलं. फेनिटॉइन हे फिटचं औषध पहिल्या आठवड्यातल्या फिट टाळतं, पुढच्या नाही, हे १९९० मध्येच अभ्यासातून दिसलंय. घाबरवायचं पण नाहीये. अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या मोठ्या अभ्यासात गंभीर मार बसलेल्या शंभरातल्या साधारण दहा जणांना पाच वर्षांत फिट आली, किरकोळ मारात शंभरात एकाहूनही कमी.

पण त्या दहा जणांच्या घरच्यांना आधी सांगायला नको का? आम्ही तर तीन महिने बाहेरची बाधा समजून देवदेव करत बसलो आणि त्या काळात त्याला अजून चार फिट आल्या, एकदा तर चुलीजवळ. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट दवाखाना गाठा, एवढं जरी माहीत असतं.

मेंदूत रक्तस्राव झालेल्या प्रत्येक पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर हे मराठीत लिहून द्यावं, एवढीच विनंती. भावाचं कार्ड अजून माझ्याकडे आहे, त्यावर काय खायचं काय नाही ते सगळं मराठीत छापलंय, फिटबद्दल एक अक्षर नाही.

एक वाचक, सातारा