बीडमधले बालविवाह खरंच घटले का? महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या ५१.३ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाचव्या फेरीत हा आकडा ४३.७ वर आला. भाषणात ही घट शोभून दिसते. पण संख्याशास्त्र शिकवणारा माणूस आधी विचारतो, विचारलं किती जणींना?

पाचव्या फेरीत राज्यातल्या ३३,७५५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. छत्तीस जिल्ह्यांत सरासरी काढली तर जिल्ह्याला नऊशेच्या वर, आणि त्यांतल्या २० ते २४ वयाच्या साधारण दीडशे. आता ‘प्रमाण बदललेलंच नाही’ हे शून्य गृहीतक धरून हिशेब करू. दोन्ही फेऱ्यांत दीडशे-दीडशे जणी धरल्या, तर फरकाची प्रमाणत्रुटी, म्हणजे निव्वळ नमुन्याच्या योगायोगाने साधारण किती फरक पडू शकतो ते माप, ५.८ टक्क्यांच्या आसपास येते. ५१.३ आणि ४३.७ मधल्या ७.६ च्या फरकाला तिने भागलं की १.३. पाच टक्के पातळीवर, म्हणजे बदल नसताना चुकून ‘बदल झाला’ म्हणण्याची शक्यता पाच टक्केच ठेवून, गृहीतक फेटाळायला हा भागाकार निदान १.९६ लागतो. त्यात निवड गावागावांतून गटाने झालेली, म्हणजे खरी त्रुटी याहून मोठीच. घट झाली नाही, असं मी म्हणत नाही. झालीच, असं या आकड्यांवरून छातीठोकपणे सांगता येत नाही.

राज्याचा आकडा २६.३ वरून २१.९ झाला, तो मात्र टिकतो, कारण तिथे नमुना हजारोंचा आहे. त्याचं श्रेय खुशाल घ्या.

मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. पाचव्या फेरीचं राज्यातलं काम जून ते डिसेंबर २०१९ मध्ये झालं. दिवाळीच्या आगेमागे बीडची ऊसतोड कुटुंबं कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी मिळून मजुरीचा एक ‘कोयता’ धरतात, मुकादमाकडची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तीही कोयत्यावर. म्हणून पोरापोरींची लग्नं लवकर उरकली जातात. त्या दिवसांत पाहणीवाली बाई आली, तर दाराला कुलूप. जिथे बालविवाहाची शक्यता जास्त, नेमकं तेच घर गळतं, आणि कुठल्याही चाचणीच्या सूत्रात ते कुलूप दिसत नाही.

तेव्हा जिल्ह्यांची क्रमवारी लावण्याआधी प्रत्येक टक्केवारीशेजारी नमुन्याची संख्या आणि त्रुटीची मर्यादा छापायला लावा. ऊसतोडीच्या तालुक्यांत राज्याने स्वतःची पाहणी पावसाळ्यात, माणसं घरी असताना करावी. एवढी घट भरवशाने पकडायची तर प्रत्येक वेळी या वयाच्या निदान सातशे जणी लागतील, गटाने निवडल्या तर आणखी जास्त.

कळावे,
संख्याशास्त्राचा एक शिक्षक