समृद्धीलगतच्या दरवाढीचे दस्त कोणते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला, तेव्हापासून गोदामांच्या आणि व्यापारी जागांच्या मागणीचे संशोधन अहवाल आमच्या तालुक्यातील दलालांच्या मोबाईलवर फिरत आहेत. अशाच एका अहवालाच्या आधारे माझ्या चुलतभावाला इंटरचेंजजवळची एक जमीन ‘व्यापारी’ म्हणून दाखवण्यात आली आणि तिथले दर काही वर्षांत पाचपट झाल्याचे सांगण्यात आले. इसार देण्यापूर्वी आम्ही कागद तपासायचे ठरवले.

महाभूलेखवर सातबारा पाहिला, तर जमीन जिरायत. अकृषिक वापराची नोंदच नाही. पण खरी गोम दराच्या आकड्यात होती. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर एकेक गट क्रमांक टाकून आम्ही आठवडाभर त्या गावचे दस्त पाहिले. चढ्या मोबदल्याच्या बहुतेक दस्तांच्या सूची क्रमांक 2 मध्ये (नोंदलेल्या दस्ताचा सारांश असलेल्या उताऱ्यात) खरेदीदार म्हणून रस्ते विकास महामंडळाचे नाव होते. महामार्गासाठी ग्रामीण भागात थेट खरेदी करताना दुप्पट गुणक, 100 टक्के दिलासा रक्कम आणि वर 25 टक्के वाढ धरून मूल्यांकनाच्या पाचपट मोबदला दिला गेला, हे ज्यांची शेते रस्त्यात गेली त्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो जमीन सोडण्याचा मोबदला होता, बाजारभाव नव्हे. ते दस्त वगळल्यावर उरलेले व्यवहार वार्षिक मूल्यदर तक्त्याच्या (शासनाने ठरवलेल्या दरांच्या, म्हणजे रेडी रेकनरच्या) आसपासच होते. अर्थात मुद्रांक शुल्क तक्त्यातील मूल्य आणि दस्तातील मोबदला यांपैकी जास्त रकमेवर लागत असल्याने पुष्कळ जण मोबदला तक्त्याजवळ ठेवतात, हेही मान्य केले पाहिजे.

गोदामांना खरेच मागणी असेल, तर ती भाड्याच्या दस्तांत दिसायला हवी. वर्षभराहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावाच लागतो. त्या गावात गोदामाचा असा एकही दस्त आम्हाला सापडला नाही.

चुलतभावाने इसार दिला नाही. परंतु त्याच आकड्यांवर विसंबून सोयाबीन-तुरीचे पैसे अशा जमिनीत अडकवलेली दोन घरे आमच्याच गावात आहेत, आणि त्यांना आज त्या भावाने घेणारा मिळत नाही, याचे फार वाईट वाटते.

आपल्या दैनिकातही असे अहवाल बातमी म्हणून छापले जातात. ते छापताना आकडे कोणत्या गावांचे आहेत, किती दस्तांवरून काढले, दर मागितलेले की नोंदलेले, आणि शासकीय खरेदी वगळली होती का, हे संबंधित संस्थेला विचारून त्याच बातमीत द्यावे. उत्तर मिळाले नाही, तर तसेही छापावे, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक
कारंजा (लाड), जि. वाशीम