आजोबांच्या चोपड्या रद्दीत देऊ नका

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

आडत बंद करताना माळ्यावरच्या जुन्या चोपड्या रद्दीत काढणार, असं बाबा फोनवर म्हणाले, तेव्हापासून मनाला चैन नाही. म्हणून लिहितेय.

इथे गोथेनबर्गला कालव्याकाठी स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीची जुनी पेढी आहे. पिवळ्या विटांची लांबलचक इमारत, १७६२ मध्ये पुरी झालेली. कचेरी, वखार, लिलावाचं दालन, सगळं एकाच छपराखाली. १८६१ पासून तिथे संग्रहालय आहे. बाबा, हा व्यवहार तुम्हाला चटकन कळेल. स्वीडनचं लोखंड, लाकूड घेऊन जहाज निघायचं, स्पेनच्या कादिझ बंदरात चांदी घ्यायचं आणि ती मोजून चीनमधल्या कँटनहून चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी भरून आणायचं. माल उतरला की लिलाव, आणि त्यातला बहुतेक पुन्हा परदेशी रवाना. १७४५ मध्ये एक जहाज अगदी बंदराच्या तोंडाशी खडकावर आदळून बुडालं. माणसं सगळी वाचली, आणि पाण्यातून काढलेला माल विकून त्या फेरीतही नफा झाला!

पण मी अडकले ती दुसऱ्याच गोष्टीत. सुरुवातीच्या काळात फेरीचा हिशेब मिटला की कंपनी वह्या जाळून टाकायची. भागीदारांत परदेशी लोक होते, त्यांची नावं कुणाला कळू नयेत म्हणून. निक्लास साल्ग्रेन या संचालकाने ठेवलेल्या पैशातून उभं राहिलेलं इस्पितळ आजही त्याच्या नावाने चालतं. त्याच्याबरोबर पैसा घातलेली कितीतरी माणसं मात्र कायमची पुसली गेली. मला ते फार लागलं.

आपल्या चोपड्यांत काय नाही? पहिल्या पानावर कुंकवाचं बोट आणि ‘श्री’. हरिपूरच्या कुठल्या जमिनीखालच्या पेवात कुणाची किती पोती हळद, सौद्यात काय भाव फुटला, कोणत्या शेतकऱ्याला लेकीच्या लग्नासाठी उचल दिली, हमालांची हजेरी. ती नावं सांगलीत दुसरीकडे कुठेच लिहिलेली नसतील.

आई, तू त्या चोपड्या कोरड्या फडक्यात बांध, कडुनिंबाचा पाला घाल आणि वरच्या खोलीतल्या ट्रंकेत ठेव. खाली नको, पुराचं पाणी येतं. दिवाळीला आले की एकेक पानाचे फोटो काढते. मोडी मला येत नाही, तेव्हा बाबा, वाचून तुम्हीच दाखवायचं.

तुमची,
लेक